कामशेत ते मळवली: एका स्थानकावर उतरून दुसऱ्यावर लोकल पकडायची पायवाट

रानवाट_पुणे:
पुणे–लोणावळा लोकलने एखाद्या लहान स्थानकावर उतरावे, दिवसभर गावे, भातखाचरे आणि डोंगर यांतून चालावे आणि संध्याकाळी दुसऱ्याच स्थानकावरून परतावे, असा बेत आहे. स्वतःची गाडी नेली की ती लावली तिथेच परत यावे लागते, म्हणून ती टाळायची आहे. मळवली आणि कामशेत ही लगतची दोन स्थानके मनात आहेत. आम्ही चौघे आहोत. त्यांत पासष्टीचे वडील असून त्यांना रोज चालण्याची सवय आहे, पण घसरड्या उतारावर त्यांचे गुडघे दुखतात. सुरुवात कोणत्या टोकाकडून करावी? आणि रुळांच्या कडेकडेने चालता येईल का?

मावळकर:
सुरुवात कामशेतहूनच करा. वाटेत बेडसे आणि भाजे ही दोन बौद्ध लेणी लागतात. बेडसे लेण्यांचे तोंड पूर्वेला आणि भाजे लेण्यांचे पश्चिमेला आहे, त्यामुळे सकाळी बेडसे आणि दुपार कलल्यावर भाजे असा क्रम ठेवला तर दोन्हीकडे ऊन आत आलेले मिळते. कामशेतहून पवनानगरच्या रस्त्याने करुंजमार्गे बेडसे गाव सुमारे 8-9 किलोमीटर पडते. हा डांबरी रस्ता पायी तुडवण्यात फारसे काही नाही. शेअर जीपने फाट्यापर्यंत जावे आणि तिथून चालायला लागावे.

बेडशाला घाई करू नका. चैत्यगृहासमोरचा (म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनागृहासमोरचा) कातळ पूर्ण न फोडता तसाच राखल्यामुळे आत शिरायला दोन खडकांमधली अरुंद बोळ आहे आणि ती संपली की घटाच्या बैठकीवरचे उंच अष्टकोनी खांब एकदम समोर येतात. त्यांच्या माथ्यावर घोडे, हत्ती आणि बैल यांवर बसलेली जोडपी कोरलेली आहेत. शेजारचा विहारही (भिक्खूंचे निवासस्थान) पाहा, कारण नेहमीच्या चौकोनी विहारांसारखा तो नसून त्याची मागची बाजू चैत्यासारखी अर्धवर्तुळाकार आणि छत गजपृष्ठाकार, म्हणजे हत्तीच्या पाठीसारखे गोलसर, आहे.

तिथून भातराशी डोंगराच्या धारेने विसापूर किल्ल्याच्या पायथ्याशी आणि पुढे लोहगड-विसापूरमधल्या गायमुख खिंडीत यायचे. धारेवर ढोरवाटा फार फुटतात, त्यामुळे बेडशातला माहितगार सोबत घ्यावा. खिंडीतून भाज्याकडे उतरणारा गाडीरस्ता आहे. भाज्याच्या चैत्यगृहाचा लाकडी दर्शनी भाग केव्हाच नाहीसा झाल्याने समोरची बाजू पूर्ण उघडी आहे आणि कलते ऊन आत झुकलेल्या खांबांवर चांगले पडते. पुढे द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडला की मळवली स्थानक जवळच आहे.

घाटवाटा:
रुळांच्या कडेने मुळीच चालू नका. रेल्वे अधिनियम 1989 च्या कलम 147 प्रमाणे रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणे हा गुन्हा असून त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कायदा बाजूला ठेवला तरी हा मुंबई–पुणे मुख्य मार्ग आहे, इथे लोकलपेक्षा कितीतरी वेगाने न थांबणाऱ्या गाड्या जातात आणि एका गाडीच्या आवाजात दुसरी ऐकू येत नाही. दूधसागरला जाणारे ट्रेकर हीच चूक करतात आणि रेल्वे पोलिसांना त्यांना अडवावे लागते.

मोसमाबद्दलही सांगतो. भर पावसात भातराशीवर धुके उतरले की दहा पावलांवरचे दिसत नाही, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ धरा. कापणी उरली असेल तर खाचरांत न शिरता बांधावरूनच जा, आणि बांध ढासळू देऊ नका. तो पुन्हा रचायला शेतकऱ्याचा दिवस मोडतो.

सह्यमित्र:
वडिलांसाठी एक सोय सुचवतो. बेडशाच्या सुमारे चारशे पायऱ्या त्यांनी सावकाश चढाव्यात, कारण चढाने गुडघ्यांना उताराइतका त्रास होत नाही. लेणी पाहून झाल्यावर तुमच्यापैकी एकाने त्यांच्याबरोबर कामशेतला परतावे आणि लोकलने एकच स्थानक पुढे, मळवलीला जावे. तिथून भाजे गावापर्यंत सपाटीचे चालणे आहे, पायऱ्या काय त्या लेण्यांपाशी लागतात. बाकीचे दोघे धारेवरून येतील आणि सगळे भाज्याला भेटतील. एक पथ्य मात्र पाळा: लेणी सूर्यास्ताच्या सुमारास बंद होतात, तेव्हा धारेवर विसापूर चढण्याचा मोह आवरा. त्याचा माथा इतका विस्तीर्ण आहे की त्यासाठी वेगळा दिवस काढायला हवा.

रानवाट_पुणे:
ही विभागणी वडिलांना पसंत पडली. ते आणि माझी बहीण मळवलीकडून येतील. दुपारी कामशेतहून लोकल सहज मिळते का?

सह्यमित्र:
दुपारी लोकल विरळ असतात. निघण्याच्या आदल्या दिवशी वेळापत्रक पाहा आणि बेडशाहून परतण्याची वेळ त्या गाडीवरून ठरवा. गाडी चुकलीच तर जुन्या मुंबई–पुणे महामार्गाने कार्ला फाट्यापर्यंत यावे, तिथून मळवलीला रिक्षा मिळते.