पार्किन्सन्स आणि भास: नागपुरात न्यूरोलॉजी व मानसोपचार एकत्र कुठे?

बाबा ६८ वर्षांचे, पार्किन्सन्स जुना, त्यावरचं लेव्होडोपा हे औषध सुरू. दिवाळीपासून संध्याकाळ झाली की त्यांना खोलीत लहान मुलं बसलेली दिसतात, आईला म्हणतात, "त्यांना चहा दे." आता संशय आणि रात्रीची चिडचिडही वाढली आहे.

लघवीचा संसर्ग, सोडियम, एमआरआय तपासून झालं, त्यात काही निघालं नाही. न्यूरोलॉजिस्टनी पॅसिटेन ही कंपावरची गोळी बंद केली, तरी भास आहेतच. मानसोपचारतज्ज्ञांनी भासांवर हॅलोपेरिडॉल दिलं, तर बाबा लाकडासारखे ताठ झाले. पार्किन्सन्समध्ये मेंदूत आधीच कमी असलेलं डोपामाइनच ते अडवतं म्हणे. थांबवलं. आता क्वेटियापीन या भासांवरच्या दुसऱ्या औषधाचं विचारलं, तर न्यूरोलॉजिस्ट म्हणतात मानसोपचारतज्ज्ञांना विचारा, ते म्हणतात न्यूरोलॉजिस्टना. फाइल घेऊन आम्हीच निरोप्ये!

औषध सुचवू नका, प्लीज. मानेवाड्याला राहतो, व्हीलचेअर आहे, त्यामुळे बंगळूरचं निम्हान्स (मेंदू व मानसिक आजारांचं रुग्णालय) सध्या शक्य नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ माहीत आहे, पण इथे प्रत्यक्ष तपासणी लागेल. सरकारी-खाजगी दोन्ही चालेल.

मिहानचं एम्स किंवा मेडिकलमध्ये (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) न्यूरोलॉजी आणि मानसोपचार एकाच दिवशी दाखवता येतं का? की शहरात दोघं एकमेकांशी बोलून औषध ठरवतात असं दुसरं ठिकाण कुणी स्वतः अनुभवलंय?