मदत हवी आहे: स्विचवर फोनचं मार्किंग पुसलं जातंय

लातूरला एका डाळ मिलचं नेटवर्क बघतो. दुपारी सौद्याच्या वेळी बॅकअप सुरू झाला की आयपी फोनवर आवाज तुटतो. भाव 'सात' म्हणला का 'साठ' तेच कळंना, अन् शेठ उखडतात माझ्यावर!

वायरशार्क (नेटवर्कवरची पॅकेट दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून पाहिलं: फोनमधून पॅकेट डीएससीपी ४६ (आवाजाला आधी जाऊ द्या, असं सांगणारं मार्किंग) घेऊन निघतं, स्विचच्या पलीकडं शून्य. म्हणजे पोर्टवर ट्रस्ट (आलेलं मार्किंग तसंच मानायची सेटिंग) नाही, एवढं कळलं. पण सरसकट ट्रस्ट दिला तर फोनच्या मागं जोडलेला कॉम्प्युटरही ४६ लावून रांगेत पुढं घुसेल ना? त्यापेक्षा व्हॉइस व्हीलॅनचा (फोनसाठीच्या वेगळ्या आभासी नेटवर्कचा) ट्रॅफिक एसीएलनं (ट्रॅफिक निवडायच्या नियमयादीनं) ओळखून स्विचवरच ४६ लावावा, का सीओएस ५ वर (व्हीलॅन टॅगमधल्या प्राधान्याच्या आकड्यावर) भागेल? स्विचची पुढं जाणारी अपलिंक ट्रंक (अनेक व्हीलॅन टॅगसकट नेणारी) आहे, टॅग पुढं जातो. कुणी केलंय का असं?