कॅरव्हॅनच्या टपावरचं सोलर चालतंय की नुसतं दिसतंय?

कृष्णाकाठचा_भटक्या (कराड)

नमस्कार मंडळी. जुनी ट्रॅव्हलर घेऊन तिची कॅरव्हॅन करून घेतली आहे. टपावर १०० वॉटची दोन पॅनेलं, सपाट बसवलेली, पॅरलल जोडणी. आत पॅनेलवरून बॅटरी चार्ज करणारा २० अँपिअरचा साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर, १५० एएचची (अँपिअर-अवर) ट्यूब्युलर बॅटरी, १२ व्होल्टचा छोटा फ्रिज, पंखा, दिवे. पावसाळाभर गाडी दारातच उभी होती. दिवाळीनंतर बामणोलीला मुक्कामी गेलो तर पहाटे फ्रिज बंद, बॅटरी ११.७ व्होल्ट. दिवसभर उन्हात ठेवली तरी संध्याकाळी १२.१ च्या वर जाईना. गंमत म्हणजे कंट्रोलरवरचा सूर्याचा दिवा झकास लागलेला असतो. फिटिंगवाल्याला फोन केला तर म्हणतो, "दिवा लागतोय ना, मग पॅनेल चालू आहे, बॅटरी बदला." अहो, बॅटरी अजून वॉरंटीत आहे! पॅनेल खरंच करंट देतंय का, हे घरच्या घरी कसं बघायचं? मल्टिमीटर आहे, साधा, बाजारातला.

मळीचा_वास (वाळवा)

आधी टपावर चढून बघा. आमच्याकडे कारखान्याचा बॉयलर पेटला की वाळत घातलेल्या कपड्यांवर काजळी येते, पॅनेल काय सुटणार? फडकं, साधं पाणी, सकाळी थंड असताना. काच तापल्यावर गार पाणी मारू नका.

बॅटरीवाला_विटा

दादा, धुवा, पण धुतल्यावर करंट शून्यावरून दहावर जात नसतो. तुमचं दुखणं वेगळं आहे.

तो सूर्याचा दिवा पहिला विसरा. पॅनेलचा व्होल्टेज आला की तो लागतो, आणि व्होल्टेज ढगातसुद्धा येतो. दुकानात रोज कुणीतरी येतं, "मीटर लावला, २० दाखवतंय, पॅनेल ओके आहे, बॅटरीच खराब." उघड्या तारांवर २० व्होल्ट म्हणजे नळाला पाणी आलंय एवढंच. धार किती आहे ते अँपिअरच सांगणार.

दुपारी साडेबाराच्या सुमाराला, आभाळ स्वच्छ असताना, गाडी पूर्ण उन्हात घ्या. झाडाची फांदी, विजेची तार, टपावरच्या कॅरियरचा दांडा, कशाचीच सावली पॅनेलवर नको. या पॅनेलात ३६ सेल एकामागे एक जोडलेले असतात, एकाच सेलवर सावली पडली तरी अर्धं पॅनेल गेलं समजा. मग दोन्ही पॅनेलांवर जाड गोधडी टाका. याचा कंटाळा करू नका. भर उन्हात डीसीचं कनेक्शन ओढलं की ठिणगी ताणली जाते आणि पिना जळतात. झाकल्यावर कंट्रोलरमधून पॅनेलच्या तारा सोडवा. बॅटरीच्या तारांना हात लावायची गरज नाही. कधी सगळंच सोडवायची वेळ आली तर आधी पॅनेल, मग बॅटरी. जोडताना बॅटरी आधी.

एका पॅनेलवरची गोधडी काढा. मीटर डीसी २०० वर ठेवा, २० वर ठेवलात तर नुसता १ दिसेल आणि मीटर बिघडला म्हणाल. लेबलवर २२ च्या आसपास असेल, तुम्हाला २० दिसेल. ते बरोबर आहे. लेबलवरचा आकडा सेल २५ अंशांवर असतानाचा असतो, आपल्या टपावर सेल पन्नाशी गाठतो आणि दर अंशामागे व्होल्टेज ०.३ टक्के तरी उतरतो. दहाच दिसला तर पॅनेलमागच्या डब्यातला बायपास डायोड (सावलीतल्या सेलना वळसा घालून करंट नेणारा) शॉर्ट झालाय, असा पहिला संशय घ्या.

आता लाल प्रोब मीटरच्या १० अँपिअरच्या भोकात, नॉब १० ए डीसीवर, आणि प्रोब सरळ पॅनेलच्या दोन तारांना. हो, शॉर्टच करायचं. पॅनेलला काही होत नाही, उन्हाच्या मानाने ते देऊन देऊन किती देणार! पाच-सात सेकंदांत आकडा वाचा, बायकोला किंवा पोराला गोधडी टाकायला सांगा, मग प्रोब काढा. दोन्ही पॅनेलं एकदम मोजू नका, बेरीज दहाच्या जवळपास जाते, मीटरचा फ्यूज उडायचा. आणि हा प्रयोग बॅटरीवर कधीच करायचा नाही. बॅटरी शेकड्याने अँपिअर सोडते, हात भाजेल. काम झालं की लाल प्रोब लगेच व्होल्टच्या भोकात परत.

लेबलवर शॉर्ट सर्किट करंट सहाच्या आसपास असेल. तेवढा येणार नाही. पॅनेल सपाट, महिना नोव्हेंबर, भर दुपारीही सूर्य दक्षिणेला कललेला. साडेचार आला तरी पॅनेल ठणठणीत. पूर्ण आकडा बघायची हौस असेल तर मेच्या दुसऱ्या आठवड्यात बघा, तेव्हा सूर्य आपल्या बरोब्बर डोक्यावर येतो.

आधी कंट्रोलरच्या टोकाला मोजा. कमी आला तर वर चढून प्रत्येक पॅनेलच्या स्वतःच्या वायरवर मोजा. आकडे इथे टाका.

पवनचक्कीखाली (चाळकेवाडी)

एक भर घालतो, हे वाचणाऱ्या इतरांसाठी. बॅटरी फुल असेल तर कंट्रोलर स्वतःच करंट दाबतो. ०.४ अँपिअर बघून पॅनेल मेलं म्हणू नका. आधी दोन-तीन तास फ्रिज-पंखा चालवा, बॅटरीला भूक लागू द्या, मग कंट्रोलरवरचा आकडा बघा. आणि क्लॅम्प मीटर (तारेला चिमट्यासारखा पकडून करंट मोजणारा) घेणार असाल तर डीसी करंटचा घ्या, एसीचा इथे बिनकामाचा.

कृष्णाकाठचा_भटक्या (कराड)

केलं सगळं. आई खालून "पडशील" म्हणून ओरडत होती, तरी केलं.

कंट्रोलरच्या टोकाला: पहिलं पॅनेल २०.३ व्होल्ट, ०.४ अँपिअर. दुसरं २०.२ व्होल्ट, ०.४ अँपिअर.
टपावर, पॅनेलच्या स्वतःच्या वायरवर: ४.६ आणि ४.५ अँपिअर.

म्हणजे पॅनेलं चांगली आहेत ना?

बॅटरीवाला_विटा

सोन्यासारखी आहेत. चोरी वाटेत आहे. दोन्ही पॅनेलांचं सारखंच मरतंय, म्हणजे दोघं एकत्र होतात तिथून पुढे. तिथला वाय कनेक्टर, म्हणजे दोन पॅनेलांच्या तारा एक करणारा जोड, उघडा. व्होल्ट मोजताना करंट वाहत नाही, म्हणून खराब जोड व्होल्टेजला अडवत नाही. करंट मागितला की सगळं तिथेच अडतं.

कृष्णाकाठचा_भटक्या (कराड)

सापडलं! प्लसच्या बाजूचा वाय, आतली पीन हिरवीगार, प्लास्टिक वाकलेलं. त्याची रिंग नीट फिरवून घट्ट केलेलीच नव्हती, पावसाचं पाणी आत. पलूसच्या मित्राकडे एमसी४ चा (सोलरच्या वायरींच्या कनेक्टरचा) क्रिम्पिंग पक्कड होता, दोन्ही वाय नवीन टाकले. आज दुपारी कंट्रोलरवर ८.२ अँपिअर.

बॅटरीवाला_विटा

छान. आता वाय टपावर चिकटून ठेवू नका, पाणी साचतं. वायर थोडी वर बांधा, तोंड खाली. बॅटरी अर्धपोटी राहिलीये, तेव्हा घरच्या चार्जरवर एकदा पूर्ण, १४.४ पर्यंत चढवा आणि डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघा. आणि हिशेब आत्ताच करून ठेवा: हिवाळ्यात ही दोन पॅनेलं सपाट ठेवून दिवसाला ४० एएचच्या आत-बाहेर देतील, त्यातले ३० तरी तुमचा फ्रिज एकटाच खाईल. पंखा रात्रभर लावणार असाल तर तिसरं पॅनेल लागेल.