डीनने ती शपथ का पाळायची?

धाकटी: सुपरनॅचरलचा, म्हणजे डीन आणि सॅम या भुताखेतांची शिकार करणाऱ्या भावांच्या अमेरिकन मालिकेचा, चौथा सीझन पुन्हा बघून संपवला. या वेळी डीनचाच राग आला. शपथ घेतली आणि पुढच्याच भागात मोडली. दिला शब्द पाळायला नको?

काका: तेच तर. देवाची आणि त्याच्या दूतांची सेवा करीन, वडिलांचा हुकूम मानायचो तसा त्यांचा मानीन, हे त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. गळ्यावर सुरी नव्हती कोणाची. नंतर पटलं नाही म्हणून मागे फिरायचं, तर शपथ घ्यायचीच कशाला?

ताई: काका, मला हे अजिबात मान्य नाही. डीनने शपथ घेतली ती सॅमसाठी. सॅम सैतानी रक्ताच्या आहारी गेलेला, लिलिथ या सैतानिणीला मारायला निघालेला. ते काम माझ्यावर टाका, त्याला यातून सोडवा, एवढंच डीनचं मागणं. आणि सॅमला ज्या खोलीत कोंडलं होतं तिचं दार त्याच भागात कोण उघडतं? कॅस्टिएल. ज्या देवदूताने शपथ घ्यायला लावली तोच! वरून हुकूम आला म्हणून.

ताई: आणि का? लिलिथ सॅमच्याच हातून मरायला हवी होती. ती मेली की लूसिफरच्या, म्हणजे सैतानाच्या, कैदेवरचा शेवटचा, ६६वा शिक्का तुटणार आणि तो सुटणार. वरच्यांना प्रलय थांबवायचाच नव्हता. कॅस्टिएलचा वरिष्ठ देवदूत झकराया, त्याने हे डीनला शपथेनंतर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर त्याने शपथ घेतली असती का? फसवून घेतलेल्या शपथेचं ओझं घेणाऱ्यावर टाकू नका.

मावशी: कॅस्टिएलला दोष देताना माझा जीव तुटतो गं. हुकूम पाळणं सोडून त्याला दुसरं काही ठाऊकच नव्हतं. तरी शेवटी तो डीनला सोडवतो आणि जीव गमावतो. मी तो भाग तीनदा बघितलाय, तिन्ही वेळा रडले.

दादा: मला त्या दैवी योजनेबद्दलच बोलायचंय. लूसिफरशी लढायला मायकेल या मुख्य देवदूताला डीनचं शरीर हवं, पण डीन ‘हो’ म्हणाल्याशिवाय आत शिरता येत नाही. सगळं आधीच ठरलेलं असेल तर विचारायची गरज काय? झकराया डीनला पोटाचा कर्करोग देतो, सॅमची फुफ्फुसं काढून घेतो, एका होकारासाठी. ज्याला आपल्या योजनेची खात्री आहे तो असा हातघाईवर येत नाही.

काका: पण मायकेलसाठी होकार मिळवलाच ना त्यांनी? डीनच्या सावत्र भावाकडून, ॲडमकडून.

ताई: आई परत भेटेल असं आमिष दाखवून! कॅस्टिएल ज्याचं शरीर वापरतो त्या जिमी नोव्हाकचं आठवा. कॅस्टिएल त्याच्या मुलीच्या शरीरात शिरलेला, आणि हा मरणाच्या दारात पडून विनवतोय, तिला सोड, मला घे. शब्द ‘हो’च आहे, पण बापापुढे दुसरा रस्ता कुठे ठेवलाय?

ताई: मला एकच होकार खरा वाटतो, पाचव्या सीझनच्या शेवटचा. सॅम लूसिफरला हो म्हणतो तेव्हा त्याला सगळं ठाऊक असतं. आत कोण येणार, आपण हरलो तर काय होईल, जिंकलो तरी लूसिफरला घेऊन त्याच्या पिंजऱ्यात उडी मारायची आहे. कोणी काही लपवलेलं नाही. म्हणूनच त्या उडीने मायकेलसकट सगळी योजना खड्ड्यात जाते.

धाकटी: मग कॅस्टिएल सहाव्या सीझनमध्ये इतका का बिघडतो? आता तर तो मोकळा होता.

दादा: मोकळा झाला, पण स्वतःचं स्वतः ठरवायची सवय कुठे होती? राफाएल हा मुख्य देवदूत पुन्हा प्रलय आणायला बघतोय, त्याला अडवायला हा नरकाच्या राजाशी, क्राउलीशी हातमिळवणी करतो.

ताई: हातमिळवणीपेक्षा मला दुसरं लागलं. तो ती डीनपासून लपवतो. तुझ्या भल्यासाठीच, असं म्हणत. झकरायानेही हेच केलं होतं.

मावशी: हे असं कधी डोक्यात आलं नव्हतं.

काका: जिमीचा तो भाग कितवा?

ताई: चौथ्या सीझनचा २०वा. शपथेच्या लगेच आधीचा.

काका: दोन्ही सलग बघतो. मग बोलू.