मदत हवी आहे: नातवाला देवाची कारागिरी कुठे दाखवू?

नमस्कार मंडळी. नातू आठ वर्षांचा. परवा गंगापूर धरणाच्या बाजूला एका विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीचे खोपे लटकलेले दाखवले. एक अर्धवट खोपा खाली पडला होता. गवताचे धागे एकातून एक ओवलेले, आत ओल्या मातीचे गोळे चिकटवलेले. (विणतो नर, नाव मात्र सुगरण! मादी येऊन पसंत करते, फार तर आतून थोडा हात फिरवते.) मी म्हटलं, "बघ, देवाने चोचीत केवढी कला दिलीय." तर म्हणे, "मग हा पडला कसा? देवाचं लक्ष नव्हतं?" मला काही सुचेना.

आता त्याला नाशिकजवळच्या अंजनेरीच्या डोंगरावर न्यायचंय. तिथली कंदीलपुष्पं दाखवायचीत. त्या फुलाच्या नळीत आतल्या बाजूने केस असतात, माशी शिरली की अडकते. पुढे केस सुकले की परागकण घेऊन सुटते. मला यात देवाची योजना दिसते. पोरगं बहुतेक माशीची बाजू घेईल.

तर विचारायचं असं:
श्रावण-भाद्रपदात ही फुलं गुडघे दुखणाऱ्या आजीला दिसतील इतक्या खाली असतात का? दुर्मिळ आहेत, त्यामुळे नेमकी जागा इथे लिहू नका. नीट माहीत असलेलं कुणी सोबत येईल का? नाहीतर थंडीत नांदूरमधमेश्वरच बरं. तिथे पक्षी बघायला दुर्बीण भाड्याने मिळते का?

आणि त्या पडलेल्या खोप्याचं उत्तर तुम्ही काय दिलं असतं? तो अजून रोज विचारतोय.