मदत हवी आहे: रिसायकलर जास्त वजनाची बिलं मागतोय, तक्रार कुठे करू?

नमस्कार. सोलापुरात आमचं भंगार वर्गीकरणाचं शेड आहे. कचरा वेचणाऱ्या बायका चादरी-टॉवेलच्या पॅकिंगचं प्लास्टिक आणतात, ते आम्ही एका रिसायकलरला देतो. आता तो नेलेल्या मालापेक्षा जास्त वजनाची बिलं मागतोय. मी नकार दिलाय. 2022 च्या प्लास्टिक कचऱ्याच्या नियमांनुसार प्लास्टिक पॅकिंग वापरणाऱ्या कंपन्या रिसायकलरकडून 'इतकं प्लास्टिक रिसायकल झालं' अशी प्रमाणपत्रं विकत घेऊन ते रिसायकल करण्याची आपली जबाबदारी पूर्ण दाखवतात. जास्त वजनाची बिलं दाखवली की जास्त प्रमाणपत्रं विकता येतात. म्हणजे नाल्यात पडलेलं प्लास्टिक कागदावर रिसायकल झालेलं! 2023 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत 6 लाखांवर बनावट प्रमाणपत्रं सापडली होती. तक्रार केंद्रीय मंडळाकडे करावी की राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सोलापूरच्या उपप्रादेशिक कार्यालयात? वजनकाट्याच्या पावत्या पुरावा म्हणून चालतील का? नाव गुप्त राहायला हवं, बायकांची रोजी या मालावरच आहे.