शब्दचर्चा : फोटो अजून 'धुतात' का?

शंकेखोर

परवा आई म्हणाली, "बारशाचे चार चांगले फोटो धुवून आण, मामीला पाठवायचेत." फोटो माझ्या फोनमध्ये. नाक्यावरच्या दुकानात गेलो, तिथल्या पोराने वायर जोडली, मशीनमधून चार कागद गरमागरम बाहेर आले. पापड भाजल्यासारखे. पाण्याचा एक थेंब कुठे नाही. गंमत म्हणजे मीही आत शिरताना "धुवायला किती?" असंच विचारलं, आणि त्या विशीतल्या पोराला त्यात काही वावगं वाटलं नाही. "पंधराला एक," म्हणाला.

तर प्रश्न असा, की फोटो 'धुणे' हा शब्द मुळात बरोबर होता का? की धंद्याबाहेरच्या लोकांनी आपल्या सोयीने लावला? 'रोल धुवायला टाकला' हे मी लहानपणी ऐकलंय, पण नेमकं काय धुवायचे ते कधी बघितलेलं नाही.

दुसरं. माझा एक अंदाज आहे, खोडून काढा. जुन्या वस्तू गेल्या तशी त्यांच्याबरोबरची नामं गेली, म्हणजे रोल, निगेटिव्ह, कॅसेट, अँटेना. क्रियापदं मात्र जागची हलली नाहीत. फोटो काढतो, धुतो. चॅनेल फिरवतो, फिरवायचं बटण गेलं तरी. फोन 'ठेवतो', ठेवायला जागा उरली नाही तरी.

छत्तीसावी फ्रेम

तीस वर्षं स्टुडिओ चालवला, आता मुलगा चालवतो, म्हणून लिहितो. 'धुणे' शंभर टक्के बरोबर. आम्ही आपसात 'डेव्हलप' म्हणायचो, 'हायपोत टाक' म्हणायचो, धुणे हा गिऱ्हाइकाचा शब्द. पण गिऱ्हाइकाने नेमकं सगळ्यात महत्त्वाचं काम उचललं होतं.

ब्लॅक अँड व्हाइटचं सांगतो. फिल्म किंवा कागद आधी डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनात, मग हायपोत. हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट. उजेड न लागलेलं चांदीचं क्षार ते काढून टाकतं, म्हणून चित्र पक्कं होतं. इथवर दहा-पंधरा मिनिटांचा खेळ. त्यानंतर वाहत्या पाण्यात धुणं, जुन्या जाड कागदाला तर तासभर. हायपो कागदात राहिला तर फोटो त्या दिवशी झकास दिसतो आणि काही वर्षांनी पिवळा पडतो. तुमच्या आजोबांच्या लग्नाचा फोटो कडेने पिवळा झाला असेल तर एक शक्यता अशी, की उन्हाळ्यात नळाला पाणी नव्हतं आणि फोटोग्राफरने दोन बादल्यांत भागवलं. आमच्या गावात एप्रिल-मे मध्ये पाहुण्यांपेक्षा टँकरची वाट जास्त बघायचो.

आणखी काही शब्द घ्या. कॅमेऱ्याचं झाकण चुकून उघडलं की रोल 'जळला'. आग नाही, धूर नाही, उजेड लागला म्हणून जळला. माणूस हलला तरी 'फोटो हलला'. आणि 'नुसता फ्लॅश'. हा शब्द कुठल्या कोशात मिळायचा नाही. रोल छत्तीस फोटोंचा, नशीब असलं तर सदतिसावा निघायचा. वरपक्षाचे काका प्रत्येक पंगतीत "आमचा एक घ्या हो" करत यायचे. त्यांना रांगेत उभं करायचं, "हसा" म्हणायचं आणि नुसता फ्लॅश मारायचा. फोटो निघालाच नाही. महिन्याने अल्बम बघताना काका विचारायचे, आम्ही म्हणायचो, "तो जळला बघा." सगळे असं करत असतील असं म्हणत नाही. मी केलंय.

हिशेबनीस

काका, मान गये! आमच्या मुंजीतले अर्धे पाहुणे कुठे गेले ते आज कळलं.

'काढणे' बद्दल लिहितो. मराठीत चित्र काढतात, रांगोळी काढतात, दूध काढतात, रक्त काढतात, दृष्ट काढतात, तिकीट काढतात, दिवससुद्धा काढतात. फोटो यातल्या कुठल्या 'काढण्या'तला? मला वाटतं चित्राच्या. फोटो नवा होता तेव्हा त्याला सगळ्यात जवळची गोष्ट चित्र होती, म्हणून त्याचं क्रियापद सरळ उचललं. पुढे फोटोने तेच एक्सरेला दिलं आणि झेरॉक्सलाही. हल्ली मुंबईत पोरं 'फोटो खेचला' म्हणतात, 'क्लिक केला' म्हणतात. पहिलं हिंदीतून आलं, दुसरं आता कुठूनही येतं.

घोटाळा असा, की 'काढणे' म्हणजे हलवणेसुद्धा. "भिंतीवरचा तो फोटो काढ" याचे आमच्या घरी दोन अर्थ झाले. वडिलांना तो उतरवून पुसायचा होता, भाच्याने फोन काढला आणि फोटोचा फोटो काढला.

पण खरा बदल 'काढणे'त नाही, 'काढून घेणे'त झालाय, तो कोणी टिपलेला दिसत नाही. पूर्वी माणूस फोटो 'काढून घ्यायचा'. इस्त्रीचा शर्ट, भांग, स्टुडिओतल्या पडद्यावरचा धबधबा, खुर्चीच्या पाठीवर एक हात. काढणारा वेगळा, काढून घेणारा वेगळा. सेल्फीत दोघं एकच. माझी मुलगी कधीच 'फोटो काढून घेतला' म्हणत नाही, 'काढला' म्हणते. शंकेखोर, तुमच्या नियमाला हा पहिला धक्का समजा. क्रियापद टिकलं खरं, पण त्याचं एक रूप घरातून निघून गेलं.

एडिसनची शेजारीण

दुसरा धक्का माझ्याकडून. नामंही टिकतात. मराठी बातमी उघडा : 'मारहाणीची चित्रफीत व्हायरल.' कुठली फीत? आमच्या इथे तरी अनेक वर्षांत कोणी फीत बघितलेली नाही. 'फीत' आपल्याकडे पोर्तुगीज 'फिता'वरून आली, म्हणजे कापडाची पट्टी. वेणीची फीत, उद्घाटनाची फीत, बुटाची फीत. मग टेपची ध्वनिफीत, व्हिडिओची चित्रफीत. आता ना कापड, ना टेप, शब्द मात्र ठणठणीत.

आणि या गोष्टीला एक शेपूट आहे, मला फार आवडतं. १९७५ मध्ये अमेरिकेत रॉचेस्टरला, कॅमेरे आणि फिल्म बनवणाऱ्या कोडॅक कंपनीतल्या स्टीव्हन सॅसन या तरुण इंजिनिअरने पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला. वजन साडेतीन किलोच्या वर, चित्र काळंपांढरं, जेमतेम १०० गुणिले १०० ठिपक्यांचं. आणि ते चित्र साठवलं कशावर? साध्या कॅसेटवर! एक फोटो टेपवर उतरायला २३ सेकंद लागायचे. म्हणजे जगातला तो पहिला डिजिटल फोटो अक्षरशः फितीवर होता. 'चित्रफीत' त्यालाच शोभली असती. त्याच कोडॅकला जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला, हे सगळ्यांना माहीत आहेच.

मी अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसन गावाच्या शेजारी राहते म्हणून एक अवांतर. 'तबकडी' म्हटलं की लोक एडिसनचं नाव घेतात. त्याच्या १८७७ च्या फोनोग्राफमध्ये तबकडी नव्हतीच, नळकांडं होतं. तबकडी नंतर एमिल बर्लिनर या संशोधकाने आणली. आपल्याकडे ती मग उडायलाही लागली, आणि पुढे सीडीलाही तेच नाव दिलं गेलं.

शंकेखोर

शेजारीणताई, फीत मान्य. पण एक विचारतो : तुमच्या घरी कोणी कधी 'ध्वनिफीत लाव' म्हणालं का? आमच्याकडे 'कॅसेट लाव' म्हणायचे, फार तर 'टेप लाव'. कॅसेट हा हाताळायचा शब्द होता, म्हणून वस्तू गेली तशी तोही माळ्यावर गेला. 'चित्रफीत' पहिल्यापासून छापील. वाचणाऱ्याच्या मनात तिच्यामागे कुठली वस्तू नव्हतीच, मग जाणार काय? मी नियम थोडा दुरुस्त करतो : घरातलं नाम वस्तूबरोबर जातं, पेपरातलं नाम राहतं.

एडिसनची शेजारीण

ही पळवाट आहे, पण चांगली आहे. मग 'पिन अडकली'चं काय? "त्याची पिन अडकलीय, तेच तेच बोलतोय." हे तर अगदी स्वयंपाकघरातलं. आणि ग्रामोफोनची पिन आमच्या पिढीनेसुद्धा क्वचितच बघितली.

हिशेबनीस

माझ्या मुलाला वाटतं ती चार्जरची पिन. बारीक पिन चुकीच्या भोकात घातली की अडकते. अर्थ त्याला बरोबर लागतो, कारण चुकीचं.

रंकाळ्यावरचा

तुम्ही सगळे 'डिजिटल'चा अर्थ धरूनच चाललाय की. आमच्याकडं या जरा. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडं 'डिजिटल' म्हणजे फ्लेक्स. "भाऊंच्या वाढदिवसाचं डिजिटल लावलंय चौकात." "डिजिटल फाडलं म्हणून वाद झाला." नपुंसकलिंगी नाम, अनेकवचन 'डिजिटलं'. पूर्वी पेंटर कापडावर ब्रशनं रंगवायचा. मग संगणकावरून थेट छापणारी मशिनं आली, दुकानांवर 'डिजिटल प्रिंटिंग' लिहिलं, आणि आम्ही 'प्रिंटिंग' गाळून टाकलं. तिकडं ऑफिसात बसून तुम्ही डिजिटलला 'अंकीय' का 'अंकात्मक' करत बसता. इथं त्याला बांबू लागतात, सुतळी लागते, आणि वारं आलं की ते फडफडतं.

आणि फोटोचं म्हणाल तर त्या डिजिटलवर बारका फोटो मोठा केला की 'फुटतो'. मोबाइलवरनं पाठवलेला फोटो दहा बाय आठवर टाकला की भाऊंचा चेहरा चौकोनी. डिझायनर सांगतो, "ओरिजनल द्या दादा, हा फुटतोय." रोलचा फोटो मोठा केला तर कणी कणी दिसायची, तो फुटत नव्हता.

कुडाळची लाल माती

'फुटतो' छान! अगदी दुधासारखा.

मला 'छायाचित्र'बद्दल बोलायचंय. मराठी संस्थळांवर 'प्रकाशचित्र' रूढ झालंय, 'प्रचि १, प्रचि २' असं लिहितात. कारण देतात की फोटो उजेडाचा असतो, सावलीचा नव्हे. 'फोटोग्राफी'च्या मुळातल्या ग्रीक शब्दांचा अर्थ प्रकाशलेखन, हे खरं. पण संस्कृतात 'छाया' म्हणजे फक्त सावली नाही, प्रतिबिंबही, आणि कांतीही. म्हणजे 'छायाचित्र' करणारा चुकला असं मला वाटत नाही. शिवाय निगेटिव्ह बघितली असेल तर सावलीचं चित्र हे वर्णन अगदीच काही वाईट नाही : पांढरी साडी काळी, काळे केस पांढरे.

'निगेटिव्ह' हा शब्द फोटोसाठी जॉन हर्शल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४० च्या सुमारास वापरात आणला, 'पॉझिटिव्ह'ही त्याचाच. हायपोचा गुणही त्यानेच १८१९ मध्ये नोंदवला होता, त्यामुळे छत्तीसावी फ्रेम काकांनी त्याला नमस्कार करायला हरकत नाही. मराठीत या निगेटिव्हला घरगुती शब्द मिळालाच नाही. मग २०२० मध्ये 'निगेटिव्ह आली' हे वाक्य अख्ख्या महाराष्ट्राने सुटकेचा श्वास सोडत म्हटलं. आमच्या इथल्या स्टुडिओत पूर्वी हेच वाक्य ऐकलं की अर्थ असायचा, रोल मिळाला, आता फोटो दोन दिवसांत.

रंकाळ्यावरचा

आणि 'रीळ' राहिलंच की.

कुडाळची लाल माती

हो. शिवणाच्या डब्यातलं दोऱ्याचं रीळ, मग थिएटरातलं सिनेमाचं रीळ. दोन्ही नपुंसकलिंगी, अनेकवचन 'रिळं'. जुलै २०२० मध्ये इन्स्टाग्रामने भारतात नवा प्रकार आणला, टिकटॉकवर बंदी आल्यावर लगेच, आणि 'रील' आलं. 'ळ' गेला, लिंगही गेलं : पुतणी म्हणते "मस्त रील बनवली". स्त्रीलिंग बहुधा हिंदीतून. दोऱ्याचं रीळ आणि ही रील यांचं गोत्र एकच, हे तिला सांगितलं तर तिने त्याचीच रील बनवली. सुई ओवताना माझे हात दिसतात.

छत्तीसावी फ्रेम

'गॅलरी' राहिली. आमची आई ८१ वर्षांची. सून म्हणाली, "आई, फोटो गॅलरीत आहेत." आई उठून गॅलरीत गेली. तुळशीला पाणी घालून परत आली.

हिशेबनीस

शंकेखोर, एकूण निकाल काय? धुणे लिहायचं की छापणे? परीक्षेत विचारलं तर?

शंकेखोर

'छापणे' मला अजून पत्रिकेसाठी बरं वाटतं. बोलताना मी 'धुणे'च म्हणणार.

पण काल एक झालं. आणखी दोन फोटो आणायला पुन्हा त्याच दुकानात गेलो, आणि न राहवून त्या पोराला विचारलं, "तुम्ही याला धुणं का म्हणता रे?" काकांनी लिहिलेलं सगळं डोक्यात होतं, त्याला हायपोची गोष्ट सांगायची अशी तयारीच करून गेलो होतो. त्याने माझ्याकडे जरा विचित्र बघितलं. मग स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि माउसने बाळाच्या गालावरून दोनदा फिरवलं. गाल नितळ झाला. "हे. चेहरा धुऊन द्यायचा, मग प्रिंट. नाही धुतला तर गिऱ्हाईक परत येतं."

घरी येऊन आधीचे चार फोटो नीट बघितले. बाळ खरंच दोन छटा उजळ आलंय, कपाळावरची तीटसुद्धा फिकट झालीय. आईला दाखवलं नाही. मामीकडे ते आता रवाना झालेत.